साथीच्या काळात दातांची काळजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, दाताचे दवाखाने बंद झाले. दाढा मात्र दुखायच्या थांबल्या नाहीत. त्या दोन वर्षांत फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि पुढे मास्कआडून आम्हा दाताच्या डॉक्टरांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते इथे एकत्र केले आहेत. काही निव्वळ कोविडचे आहेत. बाकीचे पुढच्या कुठल्याही साथीत लागू पडतील, आणि पावसाळ्यात रस्ता बंद झालेल्या गावातही.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. घरी होण्यासारखं जे आहे ते नेमाने करा. घरी होण्यासारखं जे नाही, ते साथीच्या धास्तीने अंगावर काढू नका. कोविडच्या काळात लोकांचं जास्त नुकसान या दुसऱ्या गोष्टीने केलं.

बाकीचे डॉक्टर पेशंट बघत होते, मग दाताचेच दवाखाने बंद का?

आमच्या कामाच्या पद्धतीमुळे. सर्दी-तापाचे डॉक्टर घशात बॅटरी मारून बघतात आणि मागे सरतात. आम्ही पेशंटच्या उघड्या तोंडापासून वीतभर अंतरावर अर्धा-पाऊण तास बसलेले असतो. त्यात कीड काढायला जे यंत्र वापरतो, ज्याला सगळे ‘ड्रिल’ म्हणतात आणि आम्ही एअरोटर, ते मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं. एवढ्या वेगाने दात तापू नये म्हणून त्यातून पाण्याचा फवारा सतत सुटत असतो. तो दातावर आपटतो, लाळेत मिसळतो आणि त्याचं धुकं होऊन खोलीत तरंगतं. दात साफ करायचं यंत्रही असंच धुकं उडवतं. कोविडचा विषाणू लाळेत सापडतो हे कळल्यावर पहिली धास्ती याच धुक्याची होती.

मे २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठी नियम काढले. कंटेनमेंट झोनमध्ये, म्हणजे रुग्ण सापडल्यामुळे बंद केलेल्या भागात, दवाखाने बंद, सल्ला फक्त फोनवर. लागण जास्त असलेल्या रेड झोनमध्ये तातडीचीच कामं. लागण कमी असलेल्या ऑरेंज आणि ग्रीन झोनमध्ये तपासणी चालू, पण कामं तिथेही तातडीचीच. बाकी सगळं पुढे ढकला. ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही साथ पसरलेल्या भागात नेहमीची, न अडणारी कामं थांबवायला सांगितलं, तेव्हा अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने त्याला उघड विरोध केला. दातांची देखभाल ही अत्यावश्यक सेवाच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी जून २०२० मध्ये केलेल्या पाहणीत कोविड झालेल्या दंतवैद्यांचं प्रमाण एक टक्क्याच्याही आत निघालं. म्हणजे काळजी घेतली तर दाताची खुर्ची वाटली होती तेवढी धोक्याची नव्हती. पण सुरुवातीच्या महिन्यांत हे कुणाला ठाऊक नव्हतं, पीपीई किट मिळत नव्हते, आणि दवाखाने बंद ठेवणं तेव्हा शहाणपणाचंच होतं.

कुठला त्रास थांबू शकतो आणि कुठल्यासाठी लगेच बाहेर पडायचं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर.

जबड्याखाली किंवा गळ्यावर सूज उतरू लागली, तोंड उघडेना, थुंकी गिळताना त्रास होतोय, आवाज बदललाय, जीभ वर उचलल्यासारखी वाटतेय, सोबत ताप आहे: यांतलं काहीही असेल तर दाताचा दवाखाना शोधत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा. खालच्या दाढेचा पू गळ्याच्या बाजूने पसरला तर काही तासांत श्वास अडू शकतो. अँटिबायोटिक्स नव्हती त्या काळात अशी सूज म्हणजे बहुतेक वेळा मृत्यूच असे. आजही उशीर झाला तर माणूस दगावतो. रात्र आहे, कर्फ्यू आहे, रुग्णालयात कोविडचे पेशंट आहेत, ही कारणं इथे चालत नाहीत. वरच्या दाताची सूज डोळ्यापर्यंत चढून डोळा मिटायला लागला, तरी हेच करायचं.

दात काढल्यावर किंवा मार लागल्यावर रक्त थांबत नसेल तर स्वच्छ सुती कापडाची किंवा गॉजची जाड घडी करून बरोबर त्या जागेवर ठेवा आणि घट्ट चावून धरा. वीस ते तीस मिनिटं. मध्ये उघडून बघायचं नाही, चूळ भरायची नाही, थुंकत बसायचं नाही. एवढं करूनही रक्त चालूच राहिलं, किंवा पेशंट रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल, तर डॉक्टरकडे.

जबड्याला मार लागून दात एकमेकांवर नीट बसत नसतील तर तेही तातडीचं. दोन आठवड्यांच्या वर न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंडातली गाठ ही त्या रात्रीची घाई नाही. पण ‘साथ संपल्यावर बघू’ या यादीतही ती टाकू नका.

थांबू शकणाऱ्या गोष्टी : दात साफ करून घेणं, न दुखणारी छोटी कीड, दातांच्या तारा घट्ट करणं, नवी कवळी, आणि दात पांढरे करून घेणं. हे शेवटचं तर खरं म्हणजे कधीच तातडीचं नसतं.

दाढ रात्रभर ठणकतेय आणि डॉक्टर दोन दिवस मिळणार नाहीत. तोवर काय करू?

आधी कोमट पाण्याने खळखळून चूळ भरा आणि दातांच्या फटीत अडकलेलं अन्न फ्लॉसने, म्हणजे दातांमधून फिरवायच्या बारीक धाग्याने, काढा. बऱ्याचदा निम्मा ठणका अडकलेल्या पेरूच्या बीचा किंवा मटणाच्या धाग्याचा असतो. सेफ्टी पिन, सुई, आगपेटीची काडी यांनी कोरू नका.

गोळी घ्यायची तर पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाने पाचशे मिलिग्रॅमची एक किंवा दोन, पुढची गोळी सहा तासांनी, आणि दिवसभरात सगळं मिळून चार हजार मिलिग्रॅमच्या वर नाही. सर्दी-तापाच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते या हिशेबात धरायचं. लिव्हरचा त्रास असेल किंवा रोज दारू घेत असाल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. दाताच्या दुखण्यावर आयब्युप्रोफेन जास्त चांगलं काम करतं. कोविडमध्ये ते घातक ठरतं अशी ओरड मार्च २०२० मध्ये झाली होती, पण तसा पुरावा मिळाला नाही. मात्र पोटात अल्सर, किडनीचा आजार, दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर ते टाळा. अंगात ताप असेल आणि डेंग्यूचे दिवस असतील तर मुळीच नको.

लवंग चालते. दातात खड्डा असेल तर कापसाच्या बारीक बोळ्याला लवंग तेलाचा एक थेंब लावून, जास्तीचं टिपून, तो खड्ड्यात ठेवा. बाटली उपडी करून तेल हिरडीवर ओतलं तर हिरडी भाजते. ॲस्पिरिनची गोळी दुखऱ्या दाढेशेजारी दाबून ठेवणारे लोक अजूनही भेटतात. त्याने दाढ राहायची ती राहते आणि गाल आतून पांढरा फटक पडून सोलवटतो. तंबाखू, तपकीर, चुना असलं काहीबाही दाढेत भरून आलेल्या पेशंटची आधी जखम बरी करावी लागते, मग दाढ.

आडवं झालं की ठणका वाढतो, म्हणून दोन उशा घेऊन झोपा. बाहेरून गरम शेक देऊ नका, सूज असेल तर नकोच. ओला गार कपडा ठेवा.

मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून घेतलं तर?

नको. दाढेच्या नसेला सूज आली की ठणका लागतो. त्या नसेपर्यंत गोळीतलं अँटिबायोटिक पुरेसं पोचत नाही, आणि पोचलं तरी कीड आणि खड्डा जिथल्या तिथेच असतो. नस काढणं, म्हणजे रूट कॅनल, किंवा दात काढणं हाच त्यावर उपाय. पू, पसरणारी सूज, ताप असेल तर अँटिबायोटिक लागतं, पण तेव्हा डॉक्टरला बघू द्या. टाळेबंदीत फोनवरून आम्हीही कधी कधी ते लिहून दिलं, कारण दुसरा पर्याय नव्हता. पण ‘मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून पुन्हा आणलं’ हा जो प्रकार नंतर रुळला, तो बंद व्हायला हवा.

साथीत रोजच्या दात घासण्यात काही वेगळं करायचं का?

ब्रश हातात घेण्याआधी साबणाने हात धुवायचे, एवढंच वेगळं. बाकी जे आहे ते नेहमीचंच, फक्त ते आता खरोखर करायचं.

दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. सकाळी सगळेच घासतात. रात्री फार थोडे. खरं तर रात्रीचं घासणं जास्त मोलाचं, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांवर राहिलेल्या अन्नाला रात्रभर मोकळं रान मिळतं. पेस्टमध्ये फ्लोराइड हवं, निदान हजार पीपीएम. नळीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लावतात ती पेस्ट खपवण्यासाठी. घासून झाल्यावर फेस थुंका, पण तांब्याभर पाण्याने चुळा भरून फ्लोराइड धुऊन टाकू नका.

ब्रश मऊ हवा. कडक ब्रशने आडवं खसाखसा घासलं की हिरडी वर सरकते आणि दाताच्या मुळाशी खाच पडते. मग गार पाणी लागलं की झिणझिण्या. कोळशाची पूड, राख, विटेचा चुरा आणि खरखरीत लाल मंजन यांनीही दात झिजतात. कडुलिंबाच्या किंवा बाभळीच्या काडीशी आमचं भांडण नाही. पण तिने दाढांच्या आतल्या बाजू साफ होत नाहीत आणि तिच्यात फ्लोराइड नसतं.

घरात एकाला कोविड झालाय. सगळ्यांचे ब्रश एकाच ग्लासात असतात. काय करू?

आजारी माणसाचा ब्रश आणि पेस्टची नळी दोन्ही वेगळं करा. नळी लोक विसरतात. तिचं तोंड सगळ्यांच्या ब्रशला टेकत असतं. शक्य असेल तर बेसिन वेगळं. एकच असेल तर आजारी माणसाने सगळ्यांत शेवटी दात घासावेत, बेसिन आणि नळाची मूठ साबणाच्या पाण्याने धुवावी, आणि बाथरूमची खिडकी उघडी ठेवावी. बरं झाल्यावर ब्रश बदला. जुन्या ब्रशने स्वतःला पुन्हा कोविड होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण ब्रश काही महाग नसतो. ब्रश सॅनिटायझरमध्ये बुडवायची गरज नाही. वाहत्या पाण्याखाली धुवा, उभा ठेवा, कोरडा होऊ द्या. ओल्या ब्रशवर टोपण घातलं की आत जंतूच वाढतात.

मीठ-पाणी, हळद, बेटाडिनच्या गुळण्यांनी कोविड टळतो का?

नाही. घसा दुखत असेल तर कोमट मीठ-पाण्याने बरं वाटतं, तोंड आलं असेल तर जखमेला आराम पडतो. जरूर करा. विषाणू मात्र घशात दबा धरून बसलेला नसतो, तो पेशींच्या आत शिरून वाढतो, आणि नाकातही असतो. गुळणीने तिथला विषाणू कसा जाईल?

काम सुरू करण्याआधी आम्ही पेशंटला पोव्हिडोन आयोडिनची, म्हणजे बेटाडिनची, किंवा तशीच एखादी चूळ भरायला देतो, ते त्या अर्ध्या तासापुरतं लाळेतले जंतू कमी व्हावेत म्हणून. ते पाहून अनेकांनी घरी रोज तीन-तीन वेळा बेटाडिन सुरू केलं आणि महिनोनमहिने चालू ठेवलं. आयोडिन शरीरात शोषलं जातं. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ते स्वतःच्या मनाने वापरूच नये. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश दोन आठवड्यांच्या वर वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जेवणाची चव बिघडते. ती चव गेली म्हणजे कोविडच झाला, असं वाटून घाबरलेले लोकही होते. हायड्रोजन पेरॉक्साइड घरी अंदाजाने पाणी घालून वापरू नका, तोंड भाजतं.

मास्क लावला की माझ्याच तोंडाचा वास मला येतो. मास्कमुळे झालं का?

वास आधीपासून असतो, मास्कने तो नाकापर्यंत आणून दिला इतकंच. मास्क लावल्यावर काही जण तोंडाने श्वास घेतात, पाणी कमी पितात. त्याने तोंड कोरडं पडून वासात भर पडते. पण मूळ बहुतेक वेळा जिभेच्या मागच्या भागावरचा थर, हिरड्यांतून येणारं रक्त-पू किंवा किडलेली दाढ यांत असतं. जिभलीने मागपर्यंत, हलक्या हाताने जीभ साफ करा. पंधरा दिवस नीट घासून, फ्लॉस करून, पाणी पिऊनही वास राहिला तर दाखवा. बडीशेप किंवा मिंटची गोळी चघळून वास झाकला जातो, आणि गोळी साखरेची असेल तर कीड पदरात पडते.

शाळा बंद, मुलं घरी. दिवसभर काही ना काही खात असतात. दात खराब होतील का?

होतात, झाले. साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे दातांना जास्त महागात पडतं. प्रत्येक वेळी गोड किंवा पिठूळ खाल्लं की तोंडात आम्ल तयार होतं आणि लाळेला ते निपटायला साधारण अर्धा तास लागतो. ऑनलाइन वर्ग चालू असताना शेजारी बिस्किटाचा पुडा ठेवून अर्ध्या अर्ध्या तासाने एक बिस्किट खाणाऱ्या मुलाच्या दातांना दिवसभर उसंतच मिळत नाही. गोड द्यायचंच तर जेवणाबरोबर द्या. दोन खाण्यांच्या मध्ये भाजलेले शेंगदाणे, काकडी, गाजर, चणे, आणि प्यायला साधं पाणी. झोपताना तोंडात दुधाची बाटली नको.

मोठ्यांनाही हेच लागू आहे. गूळ-मध घातलेला काढा दिवसभर घोट-घोट पिणं म्हणजे दातांच्या दृष्टीने दिवसभर सरबत पिणं. काढा प्यायचा तर एकदाच पिऊन टाका आणि वर पाण्याची चूळ भरा. त्यात लिंबू असेल तर लगेच ब्रश करू नका, अर्धा तास जाऊ द्या. उकळता काढा पिऊन टाळू भाजून घेतलेलेही बरेच होते.

कोविडमधून बरे झालो. आता वरच्या दाढा हलतात, गाल बधिर वाटतो. हिरड्यांचं असेल का?

असं असेल तर हे पान वाचून संपवत बसू नका, आजच दाखवा.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात हजारो लोकांना म्युकरमायकोसिस झाला. पेपरांनी त्याला ‘काळी बुरशी’ म्हटलं. बुरशी स्वतः काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते, आणि मेलेला भाग काळा पडतो. हिचे कण मातीत, कुजलेल्या पाल्यात, हवेत सगळीकडे असतात आणि धडधाकट माणसाला काही करत नाहीत. मधुमेह ताब्यात नसलेल्या, त्यातून कोविडसाठी स्टेरॉइड घेतलेल्या माणसाला मात्र ती गाठते. स्टेरॉइडने साखर आणखी चढते आणि प्रतिकारशक्ती खाली येते. बुरशी नाकावाटे सायनसमध्ये, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीत, शिरते. सायनसची तळाची बाजू म्हणजे आपल्या वरच्या दाढांची मुळं. म्हणून कित्येकांना पहिली खूण तोंडात दिसली आणि ते पहिल्यांदा आमच्याकडे आले.

खुणा अशा : कीड नसलेले वरचे दोन-तीन दात एकदम हलायला लागणं, वरच्या हिरडीवर पुवाच्या अनेक पुटकुळ्या, टाळूवर काळा किंवा राखाडी चट्टा, गालाला बधिरपणा, नाकातून काळपट किंवा रक्ताळ पाणी, डोळ्याखाली सूज, एकाचे दोन दिसणं. हे सगळं बहुतेक वेळा कोविडनंतरच्या काही आठवड्यांत होतं, आणि एका बाजूलाच होतं. हिरड्यांच्या जुन्या आजारात दात वर्षानुवर्षं हळूहळू हलतात, इथे आठवड्यात.

डॉक्टरकडे गेल्यावर न विचारता सांगा : कोविड कधी झाला, ऑक्सिजन लागला का, स्टेरॉइड घेतलं का, साखर किती आहे. ‘हलतोय तो दात काढून द्या’ असा हट्ट धरू नका. नुसता दात काढून आजार झाकला जातो आणि मोलाचे दिवस वाया जातात. कान-नाक-घसा, डोळे आणि जबड्याचे सर्जन एका छताखाली असतील अशा रुग्णालयात जायचं. दुर्बिणीने नाकाची तपासणी, तिथला नमुना, सीटी किंवा एमआरआय, आणि मग मेलेला भाग काढण्याचं ऑपरेशन, सोबत ॲम्फोटेरिसिन बी हे बुरशी मारणारं इंजेक्शन. मे २०२१ मध्ये त्याच इंजेक्शनसाठी नातेवाईक एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पळत होते. ज्यांचा वरचा जबडा काढावा लागला त्यांचं बोलणं नाकातून येतं, पाणी प्यायलं की नाकातून बाहेर येतं. टाळूतलं भोक झाकणारी खास प्लेट बनवून बसवली की खाणं-बोलणं बरंच सुधारतं. ही प्लेट सरकारी दंत महाविद्यालयांतही बनवून मिळते.

हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही. पेशंटला घरात वेगळं ठेवायची गरज नाही.

हिरड्यांचा आजार असेल तर कोविड जास्त वाढतो, हे खरं का?

संबंध दिसला आहे. कतारमधल्या ५६८ कोविड रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हिरड्यांचा जुना आजार असलेल्यांत आयसीयू, व्हेंटिलेटर आणि मृत्यू यांचं प्रमाण बरंच जास्त निघालं. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पण हिरड्यांमुळेच कोविड वाढला, असा त्याचा अर्थ लावता येत नाही. मधुमेह आणि तंबाखू दोन्हीकडे नुकसान करतात, आणि असे सगळे धागे पूर्ण वेगळे करणं अवघड असतं. एक गोष्ट मात्र कोविडच्या आधीपासून पक्की आहे. बेशुद्ध किंवा व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या तोंडातले जंतू फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून आयसीयूत त्याचं तोंड रोज साफ करणं हा उपचाराचाच भाग असतो. तुमचं माणूस दाखल असेल तर सिस्टरना त्याबद्दल जरूर विचारा. त्या चिडत नाहीत.

टाळेबंदीत तंबाखू मिळेना म्हणून मिश्री वाढली. मिश्रीने दात तरी साफ होतात ना?

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती हिरडीला चोळली की निकोटीन चढतं, दुखणं थोडा वेळ बधिर होतं आणि दात साफ झाल्यासारखे वाटतात. दिवसातून चार वेळा ‘दात घासणाऱ्या’ बायकांना दातांची आवड नसते, तल्लफ असते, आणि हे त्यांना कधी कुणी नीट सांगितलेलंही नसतं. मिश्री, गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा, सगळ्यांचा रस्ता तोंडाच्या कॅन्सरकडे जातो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तो कुठे मिळतो हे वेगळं सांगायला नको. २०२० मध्ये सार्वजनिक ठिकाणी थुंकण्यावर बंदी आली, तेव्हा काही जणांनी खरंच सोडलं. बाकीचे गिळायला शिकले.

घरी करण्यासारखी तपासणी सांगतो. आरशासमोर तोंड पूर्ण उघडा आणि तुमचीच तीन बोटं उभी आत जातात का बघा. दोनच जात असतील, तिखट सहन होत नसेल, गाल आतून ताठ लागत असेल तर दाखवा. गाल, जिभेच्या कडा, जिभेखाली, हिरडीच्या मागे पांढरा-लाल चट्टा शोधा. टाळेबंदीत वाया गेलेले महिने सगळ्यात महागात पडले ते या पेशंटना. छोटी जखम घेऊन घरी बसलेली माणसं गळ्यात गाठ घेऊन आली.

सकाळी उठल्यावर जबडा आखडतो, आणि न किडलेल्या दाताचा टवका उडाला. हे काय?

झोपेत दात खाता. ताणाने हे वाढतं, आणि त्या दिवसांत ताण कुणाला नव्हता? अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेच्या २०२१ च्या पाहणीत सुमारे ७० टक्के दंतवैद्यांनी असे पेशंट वाढल्याचं सांगितलं. आमचा अनुभवही तोच. दिवसा लक्ष ठेवा : ओठ मिटलेले, पण दातांना दात टेकलेले नाहीत, अशी जबड्याची आरामाची ठेवण असते. लॅपटॉपवर एक चिठ्ठी चिकटवा. टणक खाणं काही दिवस बंद, गालावर कोमट शेक, आणि दवाखाना उघडला की रात्री दातांवर घालायची प्लेट बनवून घ्या. बाजारातली उकळून बसवायची प्लेट तात्पुरती ठीक, पण तिने कुणाकुणाचं दुखणं वाढतं.

तारेचं टोक गालाला टोचतंय / कॅप निघाली / मुलाचा दात पडून बाहेर आला.

तार : डॉक्टरनी दिलेलं मेण टोकावर लावा. नसेल तर बोळा करून कोरडा कापूस. फेविक्विक, चाकू, पक्कड नको.

कॅप : गिळली जाऊ नये म्हणून काढून डबीत ठेवा, त्या बाजूने चावू नका. औषधाच्या दुकानात कवळी चिकटवायचं क्रीम मिळतं, ते लावून दिवसापुरती बसवता येते, झोपताना काढा.

पडलेला दात : पक्का दात असेल तर मूळ न धरता वरच्या भागाला धरून उचला, दुधाने किंवा पाण्याने नुसता विसळा, घासू नका. जमलं तर त्याच खाचेत बसवून रुमाल चावायला द्या. नाही जमलं तर गार दुधात बुडवून ठेवा. अर्ध्या तासात डॉक्टर गाठला तर दात जगण्याची शक्यता चांगली असते. दुधाचा दात पुन्हा बसवायचा नाही.

गरोदर आहे. दाढ दुखतेय, पण सासूबाई म्हणतात बाळंतपण होईपर्यंत दाताला हात लावायचा नाही.

सासूबाईंना आमच्याशी फोनवर बोलायला द्या. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दाताची बहुतेक कामं निर्धास्त करता येतात आणि तातडीचं काम कुठल्याही महिन्यात. बधिर करायचं इंजेक्शन चालतं. एक्स-रे लागलाच तर पोटावर शिशाचा एप्रन घालून काढतात. दाढेत पू घेऊन महिनोनमहिने काढणं बाळासाठी जास्त वाईट. उलट्या होत असतील तर उलटीनंतर लगेच ब्रश नको. खायच्या सोड्याच्या पाण्याने चूळ भरा.

लस घेतल्यावर किती दिवसांनी दात काढता येतो?

असा काही ठरलेला काळ नाही, आणि बधिर करायच्या इंजेक्शनचा लशीशी झगडा नाही. फक्त दोन्ही एका दिवशी करू नका. लशीनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. मग तो लशीचा की दाताचा, हे कळत नाही.

दवाखान्यात गेलो तर काय बघावं? आणि तो ‘कोविड चार्ज’ कशाचा?

आधी फोन करून वेळ घ्या, सोबत एकच माणूस, ताप-खोकला असेल तर न लपवता सांगा. लपवलं तर तुमच्यानंतर खुर्चीत बसणाऱ्याला धोका. बाहेर गर्दी आहे का, खिडक्या उघड्या आहेत का, दोन पेशंटमध्ये खुर्ची पुसायला वेळ ठेवतात का, हे बघा. हत्यारं ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातून, आलेल्या बंद पाकिटातून तुमच्यासमोर काढली जावीत. ती कोविडच्या आधीही तशीच यायला हवी होती, कारण कावीळ बी आणि एचआयव्ही काही सुट्टीवर गेले नव्हते. ‘पाकीट समोर उघडा’ म्हणायला लाजू नका. तोंडात रबराचा पडदा लावून काम केलं आणि शेजारी लाळ-पाणी ओढून घेणारा मोठा सक्शन असला, तर धुकं बरंच कमी होतं.

चार्ज किटचा, मास्कचा आणि कमी झालेल्या पेशंटचा होता. काहींनी वाजवी घेतला, काहींनी हात धुऊन घेतले. काम सुरू करण्याआधी विचारा. परवडत नसेल तर मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारातलं किंवा नागपूरचं सरकारी दंत महाविद्यालय, आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे. रांग लागते, काम चांगलं होतं.

आई ऐंशीची आहे, पूर्ण कवळी आहे. तिला तर दातच नाहीत, मग काळजी कसली?

कवळीवरही थर बसतो आणि तिच्याखाली टाळूवर बुरशी धरते. टाळू लाल होऊन जळजळतो. रोज रात्री कवळी काढून मऊ ब्रशने आणि भांड्यांच्या सौम्य साबणाने घासायची, टूथपेस्टने नाही, तिने चरे पडतात. घासताना खाली पाण्याची बादली ठेवा, हातातून सटकली तर फुटत नाही. रात्रभर साध्या पाण्यात ठेवायची, गरम पाण्यात वाकडी होते. हिरड्या आणि जीभ ओल्या कापडाने पुसायची. आजारपणात वजन उतरलं असेल तर कवळी सैल होऊन टोचते; जखम झाली की दोन दिवस कवळी बाजूला ठेवून मऊ भात, खिमट, पेज द्या, आणि जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर तिला घेऊन या. जिना चढवत नसेल तर आधी फोन करा, आम्ही खाली गाडीपाशी येऊन बघतो.